तिसऱ्या सिलिंडरची हवा

कांदिवलीला परत येऊन तीन आठवडे झाले. जिन्यात, भाजीवाल्याकडे, ऑफिसच्या कँटीनमध्ये, जो भेटेल तो एकच विचारतो, "काय मग, समुद्राच्या तळाशी काय काय पाहिलंत?" मी "सांगते कधीतरी" म्हणून सटकते. आता तळमजल्यावरच्या बाईंनी महिला मंडळात माझं भाषण ठेवायचं घाटलं आहे. भाषण काही मी करणार नाही. एकदाच सगळं लिहून काढते आणि कागद बिऱ्हाडाबिऱ्हाडातून फिरवते. वाचा आणि परत विचारू नका.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे. दिवसभर लोकांना थांबायला सांगणं हे माझं काम. त्यामुळे मला स्वतःला थांबायला लावलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

माझे बाबा मालवणच्या अलीकडच्या एका गावातले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण भाऊबंद वाचतील. चौदाव्या वर्षी ते मुंबईला आले आणि जन्मभर गिरणीत राबले. त्यांच्या गावासमोर समुद्रात एक काळा खडक आहे, त्याला सगळे म्हातारा म्हणतात. त्याच्या पायाशी बुडी मारली की पाण्याखाली बाग दिसते, जांभळी, पिवळी, सारखी हलणारी, असं बाबा सांगायचे. आम्ही तिघी बहिणी विचारायचो, "मग?" बाबा म्हणायचे, "मग काय, श्वास पुरत नाही. वर यावं लागतं." गोष्ट दर वेळी तिथेच संपायची.

आमच्या घरात पुष्कळ गोष्टी पुरत नसत. मोठ्या दोघींच्या बारशाच्या, नावं घातलेल्या पितळी वाट्या आईनं जपून ठेवल्या होत्या. माझ्या नावाची नव्हती. "तुझ्या वेळी पुरलं नाही," आई सांगायची. मी तिसरी मुलगी. त्याचा जो अर्थ काढायचा तो मी फार लहानपणीच काढून ठेवला होता.

बाबा जाऊन बारा वर्षं झाली. मला त्या बागेत एकदा, श्वास पुरेल अशा बेतानं, बसायचं होतं. एवढीच माझी इच्छा, आणि एवढ्यासाठी मी पस्तिसाव्या वर्षी बायकांच्या बॅचला जाऊन पोहायला शिकले.

पोहण्याच्या तलावाच्या नोटीस बोर्डावर एक दिवस चिठ्ठी दिसली. पेडणेकर नावाचे एक गृहस्थ, पूर्वी नौदलात पाणबुडे होते, मे महिन्यात कोकण किनाऱ्यावर पाच दिवसांची डायव्हिंगची सहल नेणार होते. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधायचं, नळी तोंडात धरायची आणि पाण्याखाली आरामात श्वास घेत हिंडायचं. तलावात त्यांनी माझ्याकडून दोन महिने तयारी करून घेतली. सहाजणांनी नावं दिली होती, त्यातले पाच गळाले. एकटीसाठी सहल परवडत नाही, म्हणाले. तेव्हा मीच सुचवलं, "माझ्या आत्याकडे राहू. जेवणाखाण्याचा खर्च नाही. खडकही तिथेच आहे." स्वस्तात पडावं म्हणून मी पाणबुड्याला स्वतःच्या गावी घेऊन गेले. सगळ्या प्रकरणातली मूळ चूक ही, आणि ती माझी आहे.

शनिवार

आम्ही तिघे पोचलो. मी, पेडणेकर आणि माझा नवरा मधुकर. मधुकरला पोहता येत नाही. तो टॉवेल धरायला आला होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि घर, बाग, म्हैस सगळं एकटीनं सांभाळत राहिली. मी सहा वर्षांची असताना एकदा या घरी आले होते, त्यानंतर आत्ता. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वायच सुकलस." मी सुकलेले नाही, हे कोणीही सांगेल.

मग जेवण. पेडणेकरांनी मला बजावलं होतं की बुडी मारण्याआधी पोट हलकं हवं. आत्यानं पेडव्यांचं तिकलं म्हणजे माशांचं झणझणीत कालवण, भाकरी, उकडा भात, सोलकढी आणि वर फणसाचे गरे समोर ठेवले. मी नको म्हटल्यावर म्हणाली, "जेव गो आधी. रिकाम्या पोटान कोण दर्यात जाता?" पोटाचं हे शास्त्र पेडणेकरांनाही एकदम पटलं, कारण तिसऱ्यांदा भात घेताना ते काही बोलले नाहीत.

हात धुतल्यावर त्यांनी बातमी सांगितली. सिलिंडरमध्ये हवा भरायचं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं होतं. म्हणजे बरोबर आणलेली तीन भरलेली सिलिंडरं, बस. तीही काही वाईट नाहीत, ते म्हणाले. एक उद्या किनाऱ्याजवळ सरावाला, बाकीची दोन आम्हा दोघांना खडकापाशी. एकदाच जायचं, पण नीट जायचं. मी मान्य केलं. तीन सिलिंडरं खोपीत गोणपाटाखाली ठेवली आणि मी स्वतः दाराला कडी घातली.

रविवार

सकाळी सात वाजता पोहण्याचा पोशाख आत घालून, वरून साडी नेसून मी तयार होते. पडवीत शेजारचे तळेकर बसले होते. हातात केवढा तरी मोठा कापा फणस.

"पाच मिन्टांचा काम आसा हो," ते पेडणेकरांना सांगत होते. "आमच्या बावीत हांडो पडलो हा, चेडवाच्या लग्नात. तुमी दर्यात जातास, मगे बावीत जावक काय त्रास?"

बाव म्हणजे विहीर. तिथे प्रत्येक घराला स्वतःची आहे. आमच्याकडे कांदिवलीला सकाळी पाऊण तास नळाला पाणी येतं आणि त्या पाऊण तासात जिन्यावर एकमेकींची उणीदुणी निघतात. इथे चोवीस तास पाणी, आणि प्रत्येक विहिरीच्या तळाशी घरातली निम्मी भांडी. दोर कुजका असतो, तो तुटतो, भांडं जातं, लोखंडी गळ टाकून शोधतात, मग गळही जातो. नवा दोर आणावा असं कुणाच्या मनात येत नाही.

पेडणेकरही कोकणातलेच. फणस घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणायची पद्धत त्यांच्याकडे नाही. पाच मिनिटांत येतो म्हणून पहिलं सिलिंडर घेऊन गेले. त्यांनी तळेकरांच्या विहिरीतून हंडा काढला, दोन पोहरे काढले, एक समई काढली, जिचा तळेकरांच्या घरात कुणाला पत्ताच नव्हता, आणि चार गळ काढले. ते बघायला जमलेल्यांपैकी दोघांनी आपापल्या विहिरी दाखवल्या. साडेनऊला पेडणेकर परत आले ते रिकामं सिलिंडर आणि आणखी दोन फणस घेऊन.

"आणि माझा सराव?" मी विचारलं.

"वहिनी, कमरेइतक्या पाण्यात नुसता चष्मा लावून करू. तुमचा बेस पक्का आहे," ते म्हणाले.

तसा सराव केला. मला वाळू दिसली. ती जुहूलाही दिसते.

सोमवार

सकाळी पडवीत अकरा माणसं होती. मी एक्स्चेंजमधल्या आवाजात सगळ्यांना सांगितलं की हे सिलिंडर समुद्रासाठी आहे, विहिरीचं काम घेतलं जाणार नाही, कृपया गर्दी करू नये. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कुणीही उठलं नाही. आत्यानं सगळ्यांना चहा दिला.

दहा वाजता देवळाकडून माणूस आला. देवाचं चांदीचं भांडं बऱ्याच वर्षांपूर्वी देवळाच्या विहिरीत पडलं होतं म्हणे. मी मधुकरकडे बघितलं. मधुकर म्हणाला, "देवाला नाही कसं म्हणायचं गं?" पेडणेकर तर उठून उभेच राहिले होते.

तिकडे आधी वाद झाला तो त्यांच्या फिन्सवरून. फिन्स म्हणजे पायात घालायचे रबरी पंखे, पाणी मागे सारायला.

"चपला घालून देवाच्या बावीत उतारतलास?" गुरवानं विचारलं.

"ह्ये चपला न्हय," पेडणेकर म्हणाले.

"पायात घालतास मा? मगे चपलाच."

फिन्स देवळाबाहेर इतरांच्या चपलांत काढून ठेवले गेले. मग पेडणेकरांना आंघोळ घातली, कमरेचा वजनाचा पट्टा चामड्याचा नाही याची चारजणांनी हात लावून खात्री केली, आणि गाऱ्हाणं सुरू झालं. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय गवतही कापत नाहीत. गुरव एकेक मागणं मोठ्यानं मागत होता आणि सगळे मिळून होकार भरत होते.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो पाणबुडो तुझ्या बावीत उतारता हा, तेच्या नळयेत वारो पुरान उरांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

वारा पुरून उरू दे. माझा वारा. मी मागे उभी राहून हात जोडले, दुसरं काय करणार.

पेडणेकर तासभर खाली होते. पितळेचे सात तांबे, एक घंटा आणि छत्रीच्या काड्या वर आल्या. चांदीचं भांडं आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी देवळाच्याच माळ्यावर, जुन्या पताकांच्या पेटीत सापडलं. ही गोष्ट मला सांगणारा माणूस हसत होता, त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

दुसरं सिलिंडर गेलं. शिवाय पेडणेकरांचा डावा कान दडला. आत्यानं त्यात कोमट तेल घालून कापसाचा बोळा बसवला. अशा कानानं त्यांना आता खोल जाता येणार नव्हतं.

"पण तिसरं आहे," ते जरा ओरडूनच म्हणाले, कारण त्यांना स्वतःचंच नीट ऐकू येत नव्हतं. "खडकापाशी पाणी पंधरा-वीस फूटच आहे. तुम्ही सिलिंडर घेऊन दोराला धरून उतरा, मी वरून चष्म्यातून बघत राहतो. परवा सकाळी होडी सांगितली आहे."

तेव्हापासून मी तिसरं सिलिंडर खोपीतून काढून स्वतःच्या अंथरुणाशेजारी ठेवलं.

मंगळवार

वारं सुटलं, समुद्र गढूळ झाला. काही करण्यासारखं नव्हतं. मधुकर पेडणेकरांबरोबर पत्ते खेळत बसला आणि मी पाणी काढायला आत्याच्या विहिरीवर गेले. जांभ्या दगडाची, अरुंद, खोल. एवढ्या उन्हाळ्यातही तीन पुरुष पाणी. रहाटाला एक पोचे आलेली अॅल्युमिनियमची बादली बांधली होती. आत्याच्या घरातली बाकीची सगळी भांडी तांब्या-पितळेची, लखलखीत घासलेली, म्हणून ती बादली डोळ्याला खुपली. मी म्हटलंही तसं. बाजूला तळेकरांची बायको केळीला पाणी घालत होती.

"काकीन, तुझ्या आत्यान, तुका सांगूक नाय?" ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन धाडलेली कळशी ह्याच बावीत आसा. पाच पावसाळे झाले. दोर तुटलो नि गेली. आमच्या ह्येनी तीन गळ टाकून बगले, गावली नाय. तेवापासून काकी दुसरी कळशी घेवक तयारच नाय."

मी दोर सोडला आणि घरात गेले. आत्या फणसाच्या आठळ्या सोलत होती.

"आत्या, अख्खं गाव येऊन मागून गेलं. ज्यांचं काही पडलं नव्हतं तेही मागून गेले. तू का नाही बोललीस?"

तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "तू दर्या बगूक इलस गो बाय. बाव काय, घरचीच आसा. खय जाता ती?"

"पण सांगायचंस तरी."

"आठळ्ये खातलस मा रातीक?" तिनं विचारलं.

मला तिचा इतका राग आला की मी मागच्या अंगणात जाऊन म्हशीसमोर उभी राहिले. दोन वर्षं पोहायला शिकले होते. सायबाच्या हातापाया पडून रजा घेतली होती. दोन सिलिंडरं हंड्यांवर आणि न पडलेल्या चांदीवर गेली होती. आता एकच राहिलं होतं, आणि या बाईनं ते मागायलाही नकार दिला होता. तिनं मागितलं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं. न मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

बुधवार

सकाळी समुद्र अगदी निवळला होता. म्हातारा खडक किनाऱ्यावरून स्पष्ट दिसत होता, त्याच्याभोवती पाणी हिरवंगार. होडीवाला हाका मारत होता. पेडणेकरांनी सिलिंडर माझ्या पाठीवर बांधून पट्टे आवळून पाहिले. आत्यानं माझ्या हातावर दही-साखर ठेवली आणि म्हणाली, "सावकाश जा. बापाशीची बाग बगून ये."

बागेचं मी तिला सांगितलं नव्हतं. म्हणजे बाबा तिलाही सांगायचे.

मी पायरी उतरले आणि डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे, विहिरीकडे वळले.

"अगं, होडी तिकडे आहे," मधुकर म्हणाला.

"माहीत आहे मला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं. "मग असं कर ना, पाच मिनिटं विहिरीत जा, उरलेल्या हवेत समुद्र कर."

पाच मिनिटं या शब्दाचा अर्थ मला एव्हाना नीट कळला होता. मी होडीवाल्याला जायला सांगितलं. फिन्स काढून रहाटाजवळ ठेवले. आमच्याच विहिरीत चपला घालून कशाला उतरू? आत्या पडवीतून बघत होती.

पेडणेकरांनी माझ्या कमरेला दोर बांधला. एकदा ओढला तर सगळं ठीक, दोनदा ओढला तर वर घ्या. मी दगडातल्या खाचांत पाय देत उतरले आणि पाण्यात गेले. पाणी एवढं गार होतं की पहिले काही श्वास नुसते धापा टाकण्यात गेले. नाक दाबून कान मोकळे केले आणि खाली खाली गेले. वरचं तोंड एका ताटाएवढं झालं, मग वाटीएवढं. तळाशी काळोख आणि मऊ चिखल. पेडणेकरांनी दिलेल्या बॅटरीच्या उजेडात एक कासव आलं. कोकणात विहीर स्वच्छ राहावी म्हणून कासव सोडतात, हे ऐकून होते. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ते निघून गेलं. पाच दिवसांच्या समुद्रसफरीत मला दिसलेला हा एकुलता एक जलचर.

चिखल हलला की काही दिसेना, म्हणून मी बॅटरी बंदच केली आणि हातांनी चाचपत गेले. एक पोहरा. तळेकरांचे तीन गळ, ओळीनं. बादलीचा कान. भिंतीखाली दगड खचून एक कपार झाली होती, तिथे खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा बोटांना गोल काठ लागला. कळशीचा गळा. आत चिखल भरलेला, त्यामुळे ती जागची हलेना. मी चिखलात बसले, दोन्ही पाय भिंतीला लावले आणि ओढत राहिले. बसल्यावर लक्षात आलं की मी तळाशी बसले आहे. मला बसायचंच होतं. श्वास व्यवस्थित येत होता, जात होता, त्याचा आवाज मोठा येत होता. बाबांना हेच पुरलं नव्हतं. मला मास्कमध्ये रडू आलं, आणि मास्कमध्ये रडू नये. काच धुरकट होते आणि नाक पुसता येत नाही.

शेवटी ती सुटली. कमरेचा दोर सोडून कळशीच्या गळ्याला बांधला आणि दोनदा ओढला. आधी ती वर गेली, मग मी. सिलिंडरचा काटा लाल पट्टीत होता.

वर सगळा शेजार जमला होता. आत्यानं कुणाला हात लावू दिला नाही. कळशी उपडी करून चिखल काढला, मग चिंच आणि राख घेऊन पायरीवर बसली आणि घासत राहिली. मी टॉवेल गुंडाळून कुडकुडत शेजारी बसले. तांबं हळूहळू लाल दिसायला लागलं, मग गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसायला लागली. मी बाबांचं नाव शोधत होते.

"चि. शालिनी हिच्या बारशाप्रीत्यर्थ. ति. आईस."

शालिनी मी.

"तिसरा चेडू झाला म्हणान लोक गप बसले," आत्या घासता घासता म्हणाली. "तर तुझ्या बापाशीन पगार झाल्याबरोबर ही आमच्या आयेक हय धाडल्यान. वाटी नको, तो म्हणालो, ह्या चेडवाच्या नावाचा पाणी अख्ख्या घरान पिवक व्हया."

माझा आवाज फुटला तो चिडकाच फुटला. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगलंय आसतंय तर तू दर्यार गेलंच नसतस."

"मी नाहीच गेले."

"मगे?" ती म्हणाली. "म्हणान सांगूक नाय."

गुरुवार

निघायच्या दिवशी मी आत्याला म्हटलं की कळशी मी कांदिवलीला नेते. माझ्या नावाची आहे. आत्यानं ऐकून घेतलं, कळशी उचलली, विहिरीवर गेली, आणि बादली सोडून त्याच दोराला कळशी बांधली. तोच दोर, मधे दोन ठिकाणी पिळे सुटलेला. मी बघत असताना तिनं ती सरसर खाली सोडली.

"आत्या, अगं तोच दोर. पुन्हा पडली तर?"

"पडांदे," ती रहाट फिरवत म्हणाली. "तू येतलस मा काढूक."

तिनं वर काढलेलं पाणी मी ओंजळीनं प्याले, पेडणेकर प्याले, मधुकर दोनदा प्याला. एस.टी.च्या वळणावरून म्हातारा खडक दिसला. त्याच्या पायाशी काय आहे, हे मला आजही माहीत नाही. तेव्हा कृपा करून जिन्यात अडवू नका.

कांदिवलीला आल्या आल्या मी पहिलं काम केलं. बोरिवलीच्या बाजारातून चांगला जाड नायलॉनचा दोर घेतला आणि पार्सलनं गावी पाठवला. परवा आत्याचं कार्ड आलं, तळेकरांच्या अक्षरात. "दोर पोचला. फार मजबूत आहे. म्हशीला बांधला. कळशी जुन्याच दोरावर आहे, काळजी नसावी."